वसंतारंभी फुलणारी झाडे : शाळेच्या बागेसाठी निवड व अध्यापन

१. विषयाचे प्रयोजन

सहा ऋतूंचा पाठ आपण सर्वच शिक्षक दरवर्षी घेतो. चैत्र-वैशाख वसंत, ज्येष्ठ-आषाढ ग्रीष्म, असे कोष्टक फळ्यावर लिहून मुलांकडून पाठ करून घेतो. मुलेही ते बिनचूक म्हणतात. परंतु वसंतपंचमी माघात का येते, असे एखाद्या चौकस मुलाने विचारले, तर आपण क्षणभर थबकतो. कोष्टकाप्रमाणे माघ हा शिशिराचा महिना; आणि सण तर वसंताचा!

या प्रश्नाचे उत्तर पुस्तकापेक्षा शिवारात अधिक स्पष्ट मिळते. माघ लागला की आंब्याला मोहोर दिसू लागतो, सावरीच्या निष्पर्ण फांद्यांवर काळपट कळ्या धरतात, पांगाऱ्याच्या टोकांना लाली चढते. कोष्टकातला वसंत चैत्रात येतो; झाडांचा वसंत मात्र त्यापूर्वी महिना-दीड महिना सुरू झालेला असतो. मोहोर आणि कळ्या दाखविता आल्या, तर मुलास हे समजाविण्यास शब्दांची फारशी गरज पडत नाही. तशी झाडे शाळेच्या आवारातच असावीत, एवढ्यासाठी हा लेख आहे. कोणती झाडे निवडावी, ती का निवडावी, कशी लावावी आणि त्यांच्या आधारे काय शिकवावे, याचा येथे क्रमाने विचार केला आहे.

२. एक अनुभव

निवडीचे महत्त्व मला पुस्तकातून कळले नाही, चुकीतून कळले. ती चूक येथे सांगणे उपयुक्त होईल.

१९७२ साली पावसाने दगा दिला, तेव्हा मी एका लहान गावी नवखा शिक्षक होतो. शाळेपुढे सुंदर बाग असावी, तपासणीस येणाऱ्या साहेबांनी ती पाहून समाधान व्यक्त करावे, अशी माझी हौस होती. त्या हौसेपोटी मी गुलाबाची चाळीस कलमे लावून घेतली होती. प्रत्येक कलमास रोज अर्धी बादली, म्हणजे सुमारे ५ लिटर पाणी लागे. वरच्या वर्गातील मुले गावच्या विहिरीवरून ते आणीत. मुले आनंदाने आणीत, असे मी स्वतःला सांगत असे.

१९७३ च्या माघात विहिरीचा तळ दिसू लागला. एके दिवशी संध्याकाळी दुष्काळी कामावर खडी फोडून परतलेली एक माता विहिरीवर रिकामा हंडा घेऊन उभी होती, आणि तिचाच मुलगा गुलाबासाठी बादली भरीत होता. मी जवळच होतो. तिने आवाज चढविला नाही. एवढेच म्हणाली, “गुर्जी, फुलं काय पिऊन जगायची पोरांनी?”

मी त्या रात्री हिशोब केला. चाळीस कलमे, प्रत्येकी ५ लिटर, म्हणजे रोज २०० लिटर पाणी. पंधरा लिटरचा एक हंडा धरला, तर रोज तेरा हंड्यांहून अधिक पाणी मी मातीत ओतीत होतो. आणि ते पाणी गावाच्या तोंडचे होते. दुसऱ्या दिवसापासून पाणी बंद केले. गुलाब पंधरा दिवसांत वाळले. पण त्याच पंधरवड्यात शाळेमागच्या बांधावर एक पळस अंगभर फुलला. त्याला कोणी एक तांब्या पाणी घातले नव्हते. मुले त्याच्याखाली जमत, पडलेली फुले ओंजळीत भरून वर्गात आणीत. बाग करण्यापूर्वी बांधावरच्या झाडांकडे पाहावयास हवे होते, हे मला तेव्हा उमगले.

गुलाब वाईट नव्हे. जेथे बारमाही पाणी आहे तेथे तो अवश्य लावावा. परंतु पाण्याची शाश्वती नसलेल्या शाळेत बागेची सुरुवात अशा झाडांपासून करावी, की जी उन्हाळ्याच्या तोंडाशी, पाणी आटत असताना, स्वतःच्या बळावर फुलतात. सुदैवाने महाराष्ट्राच्या भूमीत अशी झाडे विपुल आहेत.

३. ही झाडे पानांवाचून का फुलतात?

पळस, सावर, पांगारा या झाडांची पाने फुलोऱ्यापूर्वी गळून जातात. मुले विचारतात, “गुरुजी, झाड वाळले का?” येथूनच पाठास आरंभ करावा.

झाड मुळांनी पाणी शोषते आणि त्यातील फार मोठा भाग पानांवाटे वाफेच्या रूपाने बाहेर टाकते. पावसाळा संपून चार महिने झाले की वरच्या थरातील ओल उणी होते. अशा वेळी पाने राखणे झाडास परवडत नाही. पाने गळाली की पाण्याचा खर्च एकदम कमी होतो. मागील हंगामात साठविलेले अन्न खोडात व मुळांत असतेच; त्या शिदोरीवर झाड फुलते.

यात झाडाचा आणखी एक लाभ आहे. पाने आड नसल्यामुळे फुले दुरून दिसतात. मैना, बुलबुल, सूर्यपक्षी, कावळे असे अनेक पक्षी मधासाठी येतात आणि एका फुलातील पराग दुसऱ्या फुलास पोहोचवितात. बहुतेक वसंतफुलांचा रंग तांबडा किंवा नारिंगी असतो व त्यांत मध पुष्कळ असतो. अशी फुले पक्ष्यांना सोयीची असतात.

तिसरी गोष्ट काळाच्या गणिताची आहे. माघ-फाल्गुनात फूल आले, तर चैत्र-वैशाखात फळ पोसते आणि पावसाच्या तोंडाशी बी पक्व होते. सावरीची बोंडे उकलून कापूस उडू लागतो तो भर उन्हाळ्यात; पळसाच्या चपट्या शेंगा गळतात त्याही मृगाच्या आधी. बी जमिनीवर पडते आणि पहिला पाऊस येतो. शेतकरी जसा पेरणीची वेळ साधतो, तशीच ही झाडेही साधतात. ही तुलना खेड्यातील मुलास फार लवकर पटते.

४. निवडीच्या कसोट्या

झाड डोळ्यांना आवडले म्हणून लावू नये. पुढील सहा प्रश्नांची उत्तरे आधी द्यावी.

(१) पाणी : पहिली दोन वर्षे सोडल्यास हे झाड पाण्यावाचून उन्हाळा काढील काय?

(२) सुट्टी : मे महिन्यात शाळा बंद असते. त्या काळात देखरेखीवाचून ते जगेल काय?

(३) जनावरे : आवाराला पक्के कुंपण नसल्यास शेळ्या ते खातील काय?

(४) सुरक्षितता : त्याचे बी, पान किंवा चीक मुलांना अपायकारक आहे काय? फांद्या ठिसूळ आहेत काय?

(५) जागा : पूर्ण वाढल्यावर ते इमारतीस, छपरास किंवा विजेच्या तारांस बाधक होईल काय?

(६) पाठ : या झाडावर किमान दोन-तीन पाठ घेता येतील काय?

चौथ्या कसोटीविषयी विशेष सावधगिरी बाळगावी. शेळ्या तोंड लावीत नाहीत म्हणून पुष्कळ शाळांत कण्हेर व पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, यांचे कुंपण करतात. शेळी तोंड लावीत नाही याचे कारण ही झाडे विषारी आहेत. बिट्टीच्या बिया तर मुले खेळावयास घेतात. प्राथमिक शाळेच्या आवारात ही दोन्ही झाडे नसावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

५. झाडांचा परिचय

(अ) मोठी झाडे

पळस : पळसाला पाने तीनच, ही म्हण सर्वांना ठाऊक आहे. वस्तुतः ती तीन पाने नसून एका पानाची तीन दले होत. हाही एक पाठच आहे. फाल्गुनात झाड केशरी फुलांनी झाकून जाते. काळी, मुरमाड, चोपण, अशा कोणत्याही जमिनीत पळस तग धरतो. जनावरे त्याच्या वाटेस सहसा जात नाहीत. दोष एकच, वाढ मंद. फुले येण्यास काही वर्षे धीर धरावा लागतो. आज पहिलीत असलेल्या मुलांनी लावलेला पळस त्यांच्या धाकट्या भावंडांना फुललेला दिसेल, असे मुलांना सांगावे. त्यात खोटे काही नाही आणि शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

काटेसावर : हे महावृक्ष होय. पौषाच्या अखेरीपासून फाल्गुनापर्यंत त्यावर पाच जाड पाकळ्यांची मोठी लाल फुले येतात. एका फुललेल्या सावरीवर सकाळी जितके पक्षी पाहावयास मिळतात, तितके अन्यत्र क्वचितच मिळतील. मात्र झाड उंच वाढते, कोवळ्या खोडावर काटे असतात व फुले जड असतात. म्हणून ते इमारतीपासून किमान दहा-बारा मीटर दूर, मैदानाच्या कडेस, एकच लावावे. आवार लहान असेल तर लावू नये. गावच्या ओढ्याकाठची सावर मुलांना दाखवावी.

पांगारा : लालभडक फुलांचे हे झाड फांदी लावून येते व भराभर वाढते. पानमळ्यात वेल चढविण्यासाठी ते लावतात, हे कित्येक मुलांनी पाहिलेले असते. बिया विषारी असल्यामुळे शेंगा पक्व होताच झाडून जमा कराव्या. लाकूड हलके व ठिसूळ असते. मुलांना चढू देऊ नये.

(आ) मध्यम झाडे

कांचन : लहान शाळेसाठी एकच झाड सुचवा असे कोणी म्हटले, तर मी कांचनाचे नाव सांगेन. उंची बेताची, पान आपट्यासारखे जोडीचे, फूल मोठे, जांभळट गुलाबी किंवा पांढरे. बियांपासून सहज येते व दोन-चार वर्षांतच फुलू लागते. परंतु येथे एक घोटाळा संभवतो. कांचनाच्या दोन जाती रोपवाटिकेत जवळजवळ एकाच नावाने मिळतात. एक शरदात, दिवाळीच्या आगेमागे पानांसह फुलते. दुसरी फाल्गुनात, बहुतेक पाने गळाल्यावर फुलते. आपल्याला दुसरी हवी. नावांवर विसंबू नये, फूल पाहावे. वसंतातील कांचनाच्या पाकळ्या रुंद व एकमेकींवर किंचित चढलेल्या असून पराग धरणारे केसर पाच असतात. शरदातील कांचनाच्या पाकळ्या अरुंद व सुट्या असून असे केसर तीन असतात. ज्या झाडाचे बी घ्यावयाचे ते फुललेले असतानाच खूण करून ठेवावे, हे उत्तम.

सीताअशोक : याच्या खोडाफांद्यांवर शेंदरी फुलांचे गुच्छ येतात. परंतु यास ओलावा व थोडी सावली लागते. कोकणात किंवा पाण्याची सोय असलेल्या शाळेतच लावावा. रस्त्याकडेला सरळसोट वाढणाऱ्या, नागमोडी कडांच्या पानांच्या झाडालाही लोक अशोक म्हणतात, तो आसुपालव. त्याची हिरवट फुले नजरेत भरत नाहीत.

शेवगा : पांढऱ्या फुलांचा शेवगा शोभेचा म्हणून कोणी लावीत नाही, पण फुलांवर मधमाश्या येतात, शेंगा व पाला शाळेच्या पोषण आहारास उपयोगी पडतो. पाणी साचणाऱ्या जमिनीत तो कुजतो. फांद्या अतिशय ठिसूळ असल्यामुळे मुलांना चढण्यास सक्त मनाई असावी.

गिरिपुष्प : मध्य अमेरिकेतून आलेले हे झाड आता बांधोबांध दिसते. फाल्गुनात निष्पर्ण फांद्या फिकट गुलाबी फुलांनी भरतात. पाला उत्तम हिरवळीचे खत होतो. मात्र बी व साल विषारी असल्यामुळे ते मैदानाजवळ न लावता मागील बांधावर लावावे.

(इ) झुडपे व वेली

अडुळसा : कुंपणासाठी याच्यासारखे झुडूप नाही. काडी लावून येते, शेळ्या सहसा खात नाहीत, आणि हिवाळ्यापासून वसंतापर्यंत पांढरी फुले येतात. कण्हेरीच्या जागी हा लावावा.

धायटी : सह्याद्रीच्या उतारावर आपोआप वाढणारे हे झुडूप माघ-फाल्गुनात लहान लाल फुलांनी लदते. मुरूम व दगडगोटे यांतही वाढते. मुले फुले चोखतात, कारण त्यांत मध असतो.

पांढरा चाफा : फांदी लावून येतो, पाणी जवळजवळ लागत नाही. फाल्गुन-चैत्रात फुलू लागतो. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये.

बोगनवेल : ही मूळची दक्षिण अमेरिकेतील. हिला पाणी कमी मिळाले म्हणजे फुलोरा अधिक येतो. खेड्यातील शाळेस याहून सोयीचे ते काय? ज्यास आपण फूल म्हणतो ती वस्तुतः रंगीत पाने असून खरे फूल त्यांच्या मध्ये बारीक, पांढरट असते. मुलांना हे स्वतः शोधू द्यावे.

मोगरा : दोन-तीन झाडे सांडपाण्याच्या वाटेवर असावी. पौषात छाटणी करून पाणी तोडावे. नंतर खत घालून पाणी द्यावे, म्हणजे फाल्गुनाच्या अखेरीपासून कळ्या धरतात.

(ई) हंगामी फुले

पाण्याची सोय असेल तरच हंगामी फुलांचा एखादा लहान वाफा करावा. गुलखैरा, फ्लॉक्स, नॅस्टर्शियम यांचे बी आश्विन-कार्तिकात टाकले तर माघ-फाल्गुनात फुले येतात. वसंताची तयारी दिवाळीपूर्वी करावी लागते, हा धडा या वाफ्यातून मिळतो.

६. प्रदेशानुसार निवड

सर्व शाळांना एकच यादी लागू पडणार नाही. देशावरील पर्जन्यछायेच्या मुरमाड भागात पळस, धायटी, बोगनवेल व गिरिपुष्प ही विश्वासाची झाडे होत. काळ्या जमिनीत पळस, सावर व कांचन चांगले येतात. परंतु पाणी साचू नये म्हणून खड्ड्यात थोडा मुरूम मिसळावा. कोकणात जांभ्याच्या जमिनीवर पांगारा, सावर व सीताअशोक लावावे. सिंधुदुर्गातील शाळांनी सुरंगीचा अवश्य विचार करावा. फाल्गुनाच्या सुमारास फांद्यांना चिकटून येणारी तिची सुवासिक फुले गजऱ्यासाठी विकली जातात व त्यावर कित्येक घरांना चार पैसे मिळतात. गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या भागांत मोह हे वसंताचे झाड होय. पहाटे मोहाची फुले वेचण्यास मुलेही जातात आणि त्या दिवसांत वर्गातील हजेरी उणी होते. अशा वेळी मुलांवर रागावण्यापेक्षा मोहाचाच पाठ घेतलेला बरा.

एक साधा नियम सांगतो. माघ-फाल्गुनात आपल्या शाळेपासून एक कोसाच्या परिघात फिरून, पाण्यावाचून काय फुलले आहे याची यादी करावी. ती यादी हीच आपली रोपवाटिकेची यादी समजावी.

७. लागवड व वर्षाचे वेळापत्रक

चैत्र-वैशाख : जागा ठरवून खड्डे खणावे. मध्यम झाडासाठी लांबी, रुंदी, खोली प्रत्येकी ६० सेंटिमीटर पुरे. खड्डे उन्हात तापू द्यावे. कांचन व पळस यांच्या शेंगा जमवाव्या.

ज्येष्ठ : दोन भाग माती व एक भाग चांगले कुजलेले शेणखत मिसळून खड्डे भरावे. पांगारा, चाफा यांच्या फांद्या तोडल्यावर चार-आठ दिवस सावलीत ठेवाव्या, म्हणजे काप सुकतो व फांदी कुजत नाही. पहिला दमदार पाऊस झाल्यावर लावाव्या. पळसाचे मूळ खोल जाते, म्हणून शेंग जागच्या जागी टोकणे श्रेयस्कर. शेंगेत बी एकच असते व ते टोकाशी असते. मुलांना ते चाचपून पाहू द्यावे. बी ताजेच वापरावे.

श्रावण-भाद्रपद : मेलेल्या रोपांच्या जागी नवी लावावी. तण काढावे. काटेरी फांद्यांचे कुंपण प्रत्येक रोपाभोवती करावे.

कार्तिक-मार्गशीर्ष : आळी करून ती पालापाचोळ्याने झाकावी. झडलेली पाने जाळू नयेत. तीच झाडाची उन्हाळ्यातील गोधडी होय.

पौष : या महिन्यात मोगऱ्याखेरीज कशाचीही छाटणी करू नये. कांचन, पळस, पांगारा यांच्या कळ्या गतवर्षीच्या फांद्यांवर येतात. झाड निष्पर्ण दिसते म्हणून कात्री चालविली, तर त्या वर्षीचा फुलोराच छाटला जातो. ही चूक फार शाळांत होते. छाटणी करावयाचीच असेल, तर फुले येऊन गेल्यावर करावी. मोगऱ्याचे फूल मात्र नव्या फुटीवर येते, म्हणून त्याची छाटणी आधी करतात.

पाण्याचा हिशोब : पहिली दोन वर्षे रोपांना पाणी लागेलच. ते विहिरीवरून आणू नये. शाळेत दुपारच्या आहारानंतर मुले हात धुतात. ६० मुले, प्रत्येकी अर्धा लिटर, म्हणजे रोज ३० लिटर आणि आठवड्याच्या सहा दिवसांत १८० लिटर पाणी होते. एका रोपास आठवड्यातून दोनदा १० लिटर, म्हणजे २० लिटर धरले, तर या पाण्यावर नऊ रोपे जगतात. म्हणून साठ मुलांच्या शाळेने एका वर्षी नऊच रोपे लावावी. पन्नास लावून पंचेचाळीस मारू नयेत. सुट्टीतील सोयीसाठी प्रत्येक रोपाजवळ तळाशी लहान छिद्र पाडून त्यात कापडाची वात घातलेले मडके पुरावे. ते वेळोवेळी भरण्याचे काम जवळ राहणाऱ्या मुलाच्या घरी सोपवावे. रोप त्या घराचे आहे असे झाले, की सुट्टीची काळजी निम्मी होते.

८. पाठाची दिशा

पहिली-दुसरी : केवळ पडलेली फुले वेचून आणावी. रंगांची नावे, पाकळ्यांची मोजणी, लहान-मोठे क्रम, फुलांची रांगोळी एवढे पुरे. फूल तोडावयाचे नाही, पडलेले घ्यावयाचे, हा नियम याच वयात रुजतो.

तिसरी-चौथी : पळसाचे एक फूल प्रत्येक गटास द्यावे. त्यातील मोठी वरची पाकळी म्हणजे ध्वज, बाजूच्या दोन म्हणजे पंख, आणि खालच्या दोन जोडून झालेली वाकडी चोच, असे भाग मुलांनी स्वतः सुटे करावे. मग वाटाण्याचे किंवा हरभऱ्याचे फूल शेजारी ठेवावे. दोहोंची घडण एकच आहे हे मुलांच्या ध्यानी येते, आणि एवढे मोठे झाड व एवढेसे रोप एकाच कुळातील कसे, या विचाराने वर्ग चकित होतो. रंगपंचमीपूर्वी सुकी पळसफुले पाण्यात उकळून रंग करावा व तुरटीच्या पाण्यात भिजविलेल्या पांढऱ्या कापडावर तो चढवून पाहावा.

पाचवी व पुढे : प्रत्येक शाळेत फुलोऱ्याची नोंदवही असावी. झाडाचे नाव, पहिले फूल दिसल्याची तारीख व तिथी, भर फुलोऱ्याची तारीख, शेवटचे फूल, आलेले पक्षी व कीटक, असे रकाने आखावे. एका वर्षाच्या नोंदीवरून फार कळत नाही. परंतु दहा वर्षांच्या नोंदी जमल्या, तर कोणत्या वर्षी फुलोरा लवकर आला, कोणत्या वर्षी लांबला, त्या वर्षी पाऊस कसा होता, हे मुलांना ताडून पाहता येते. हवामान बदलत आहे, असे आज सर्वत्र ऐकू येते. आपल्या गावात ते कितपत खरे आहे, हे सांगणारी वही आपल्या शाळेच्या कपाटात असावी. बदली झाली तरी ती वही शिक्षकाने शाळेतच ठेवावी.

गणित : वरील पाण्याचा हिशोब मुलांकडूनच करून घ्यावा. आपल्या शाळेची पटसंख्या घालून किती रोपे जगतील, हे त्यांनीच ठरवावे. जे झाड त्यांच्या हिशोबाने लागले, ते त्यांच्या हातून सहसा मरत नाही.

मुलांना विचारावयाचे काही प्रश्न :
१. माघात पाने नसलेली व माघातही हिरवी असलेली प्रत्येकी तीन झाडे सांगा.
२. सावरीचा कापूस पावसाळ्यात उकलला असता तर काय झाले असते?
३. सावरीवर सकाळी व भर दुपारी आलेल्या पक्ष्यांची संख्या मोजा. फरक का पडतो?
४. बोगनवेलीचे खरे फूल कोठे आहे?
५. आपल्या घरी कोणते झाड केव्हा फुलते, हे आजीला विचारून लिहा.

९. समारोप

शिक्षकबंधुभगिनींनो, शाळेची बाग ही शोभेसाठी आहे हे खरे. पण शोभेचा भार मुलांच्या खांद्यावर आणि गावाच्या विहिरीवर पडू नये. बाग पाहून पाहुण्यांनी काय म्हणावे याआधी, विहिरीवर उभ्या असलेल्या माउलीने काय म्हणावे, याचा विचार आपण केला पाहिजे.

त्या बांधावरच्या पळसाच्या शेंगा मी पुढच्या वर्षी मुलांकडून शाळेच्या आवारात टोकून घेतल्या. अकरांपैकी चार जगल्या. माझी बदली झाली तेव्हा त्या गुडघाभर उंच होत्या. फुले मला दिसली नाहीत. पुष्कळ वर्षांनी त्या गावावरून जाण्याचा योग आला. फाल्गुन होता. गाडी थांबवावी लागली नाही, इतके ते दुरून दिसत होते. विहिरीवर रिकामा हंडा घेऊन उभ्या असलेल्या त्या मातेचा प्रश्न मला त्या वेळी पुन्हा आठवला, आणि त्याचे थोडेसे उत्तर आपण देऊ शकलो, असे वाटले.

येत्या माघात एक दिवस पुस्तक मिटावे आणि मुलांना घेऊन शिवारात जावे. काय फुलले आहे ते पाहावे, लिहून घ्यावे, आणि ज्येष्ठात त्यांतले एक तरी झाड आवारात लावावे.